हमी, हितसंबंध आणि मागणी : रोजगार हमी योजनेच्या एका राज्यशास्त्रीय अभ्यासाची चिकित्सा

सामाजिक कल्याणाच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्या राज्यशास्त्रज्ञापुढे आरंभीच एक अडचण उभी असते. कायदा कोणी केला, का केला, त्याचा खर्च कोणी सोसला आणि त्याचे श्रेय कोणी घेतले, हे प्रश्न त्याच्या शास्त्राच्या कक्षेत सहज येतात. परंतु ज्याच्यासाठी कायदा झाला त्याने त्या कायद्याच्या आधारे काय मागितले, आणि मागितलेले मिळाले नाही तर त्या नकाराची नोंद कोठे झाली, हा प्रश्न त्याच्या साधनांतून बहुधा निसटतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर देशात व परदेशांत जे राज्यशास्त्रीय लेखन झाले त्यात ही अडचण विशेष स्पष्टपणे दिसते. त्या लेखनात व्हर्जिनिया विद्यापीठातील प्रा. जॉन एचेव्हेरी-जेंट यांच्या अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. १९८८ च्या डिसेंबरात 'एशियन सर्व्हे' या नियतकालिकात त्यांचा महाराष्ट्रातील अनुभवावरील निबंध आला आणि १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'द स्टेट अँड द पुअर' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या अभ्यासाचे मोल कोणते व त्याची मर्यादा कोठे सुरू होते, याचा विचार अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्याची परिस्थिती समोर ठेवून करणे येथे योजिले आहे.

कर्जतची निवड करण्यास कारण आहे. रायगड जिल्ह्यातील पावसाळी कर्जताशी या कर्जताचे नामसाम्य आहे, एवढेच. सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. रेहेकुरीच्या माळावर काळविटांसाठी अभयारण्य राखावे लागले, यावरून येथील खुरट्या गवताळ भूमीची कल्पना येईल. मात्र तालुका सर्वत्र सारखा कोरडा नाही. दक्षिणेस सिद्धटेकच्या बाजूने भीमाकाठ आहे, आणि उजनी धरणाचे पाणी तुंबल्यापासून त्या काठच्या गावांत ऊस दिसू लागला. मधला व उत्तरेकडचा भाग मात्र पावसाच्या भरवशावरच्या ज्वारी-बाजरीचा राहिला. जिल्ह्याचे चित्र याहून विषम आहे. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर उभा असलेला उत्तरेकडील ऊसपट्टा, जेथे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि पाथर्डी, जामखेड व कर्जत यांचा दुष्काळी पट्टा, हे दोन्ही एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात येतात. रोजगार हमीच्या कायद्याने कामाची हमी दिली ती गावापुरती नव्हे, तर जिल्ह्याच्या मर्यादेत दिली. म्हणूनच या जिल्ह्यात योजनेचे राजकारण तपासणे म्हणजे ऊस पिकविणारा आणि ऊस तोडण्यास जाणारा, अशा दोघांना एकाच चौकटीत पाहणे होय.

योजनेचा इतिहास सर्वांस परिचित आहे; येथे विवेचनापुरते टप्पे नोंदविले म्हणजे पुरे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठोत्तरी वर्षांत या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९७२ साली योजना राज्यभर लागू झाली. पण लगेच आलेल्या दुष्काळामुळे काही काळ दुष्काळी कामांनीच तिची जागा घेतली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. १९७५ साली व्यवसाय कर बसवून पैशाची तरतूद झाली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. प्रौढ ग्रामीण व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता दिला पाहिजे, आणि एकूण खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, ही त्याची मुख्य सूत्रे होती. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांचा आग्रह धरला होता, त्यामुळे अर्थशास्त्रात या विचाराची पूर्वपीठिका तयार होती. राज्यशास्त्राला पडलेला प्रश्न वेगळा होता. ज्या राज्यात सत्तेचा पाया सधन शेतकरी वर्गात आहे, त्या राज्याने भूमिहीन मजुराला कामाचा हक्क का द्यावा?

या प्रश्नाला पहिले सुसंगत उत्तर रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' मधील निबंधात दिले. हेरिंग हे दक्षिण आशियातील जमीनसुधारणांचे अभ्यासक. त्याच वर्षी त्यांचा 'लँड टू द टिलर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमीनधारणेची मर्यादा ठरविणारे कायदे कागदावर येतात आणि अंमलबजावणीत क्षीण होतात, हा अनुभव ज्याच्या अभ्यासाचा विषय होता, त्याने रोजगार हमीकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक होते. त्यांच्या मांडणीचा आशय असा की, योजना टिकली ती वरिष्ठ ग्रामीण वर्गाच्या हितांना बाधक नसल्यामुळे, इतकेच नव्हे तर त्या हितांना पोषक असल्यामुळे. पाझर तलाव, नालाबंडिंग व रस्ते यांचा लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्यास अधिक मिळतो. मजूर गावाच्या आसपास राहतो व हंगामात उपलब्ध होतो. करांचा भार मुख्यतः शहरांवर पडतो आणि श्रेय ग्रामीण नेतृत्वाकडे जाते. जमिनीचे वाटप न करता असंतोष शमविण्याचा हा मार्ग आहे, असा या युक्तिवादाचा रोख आहे. गरिबाला योजनेतून काहीच मिळत नाही, असे मात्र हे लेखक म्हणत नाहीत.

एचेव्हेरी-जेंट यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हा युक्तिवाद सर्वस्वी न झिडकारता प्रश्नाचे केंद्र बदलले. हितसंबंधांनी योजना का जन्मली याचे उत्तर मिळते. जन्मल्यानंतर ती कशी वागते, हे तेवढ्यावरून कळत नाही. कार्यक्रम राबविणारी संस्था कशा रचनेची आहे, तिचा भोवतालच्या राजकारणाशी संबंध कसा येतो, आणि त्या संबंधातून गरिबांची राजकीय शक्ती वाढते की घटते, हा त्यांच्या ग्रंथाचा विषय आहे. त्यासाठी त्यांनी तीन उदाहरणे घेतली : अमेरिकेतील 'न्यू डील' काळातील फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, पश्चिम बंगालमधील पंचायतींमार्फत चाललेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम, आणि महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. विकसित व विकसनशील देशांची अशी सरळ तुलना त्या काळी विरळच होती. अमेरिकेच्या कल्याणनीतीचा अभ्यास एका दालनात आणि भारताच्या दारिद्र्याचा दुसऱ्या दालनात, ही विभागणी त्यांनी मानली नाही. हे त्यांच्या ग्रंथाचे पहिले श्रेय होय.

या तुलनेतून बरेच काही हाती लागते. अमेरिकेतील ती संस्था १९३७ साली स्थापन झाली. खंडाने शेती करणारे व लहान शेतकरी यांना कर्ज व मार्गदर्शन देण्याचे काम तिच्याकडे होते. मोठ्या शेतकऱ्यांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध सातत्याने मोहीम चालविली आणि १९४६ साली ती मोडीत निघाली. तिच्यामागे ध्येयवादी अधिकारी होते, पण टिकाऊ राजकीय पाठबळ नव्हते. महाराष्ट्रात याउलट घडले. येथे कायद्याला सर्व पक्षांचा पाठिंबा होता आणि स्वतंत्र कराने त्यास निधी मिळाला. शिवाय हमी हा हक्क असल्यामुळे काम सुरू करण्याची मागणी घेऊन तहसील कचेरीवर जाणे विरोधी पक्षाला, कार्यकर्त्याला आणि स्थानिक आमदारालाही लाभदायक ठरले. येथे एचेव्हेरी-जेंट यांचे निरीक्षण मोलाचे आहे. हक्काची भाषा कायद्यात आली की ती कोणाच्या तरी राजकारणाचे हत्यार होते, आणि त्या स्पर्धेतून प्रशासनावर दाब येतो. दयाबुद्धीवर चालणाऱ्या दुष्काळी कामांत हा दाब उत्पन्न होण्यास वाव नव्हता.

कर्जतसारख्या तालुक्याकडे पाहता हेरिंग-एडवर्ड्स यांच्या मांडणीतील एक ढिलाई लक्षात येते, आणि तेथे एचेव्हेरी-जेंट यांची बाजू वरचढ ठरते. 'ग्रामीण वरिष्ठ वर्ग' हा शब्दप्रयोग उत्तरेच्या ऊसपट्ट्याला जितका लागू पडतो तितका दक्षिणेच्या कोरडवाहू गावाला पडत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळी कामांवर जमीनधारक कुटुंबेही मोठ्या संख्येने होती, हे त्या काळच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. खडी फोडणाऱ्या हातांमध्ये सातबाऱ्यावर नाव असलेले हातही होते. दुसरे असे की, मजूर गावी राहावा हे कोरडवाहू गावातील मालकाचे हित मानले, तरी कारखान्याच्या क्षेत्रातील बागायतदाराचे हित नेमके उलट आहे. त्याला दसरा-दिवाळीनंतर तोडणीच्या टोळ्या हव्या असतात. एकाच जिल्ह्यात, एकाच पक्षात नांदणाऱ्या या दोन हितांचा मेळ कसा बसतो, याचे उत्तर वर्गहिताच्या एकसंध कल्पनेतून मिळत नाही. ते संस्थेच्या कारभारात शोधावे लागते. काम केव्हा उघडले, कोठे उघडले, आणि केव्हा बंद केले, हे त्या शोधाचे प्रश्न आहेत.

परंतु संस्थावादी मांडणीची खरी परीक्षा तिच्या प्रकाशनाच्या वर्षीच सुरू झाली. १९८८ साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर योजनेवरील मजुरीही वाढली. मजुरी वाढली की काम मागणारे वाढावयास हवेत. निदान घटू नयेत. प्रत्यक्षात त्यानंतर रोजगाराचे दिवस घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या काळाची आकडेवारी तपासून निष्कर्ष काढला की, वाढीव दरानंतर काम मागेल त्याला देण्याऐवजी मोजून देण्यात आले. म्हणजे कायदा तोच, हमी तीच, कचेरीही तीच. परंतु हमीचा व्यवहार बदलला. ज्या वर्षी एचेव्हेरी-जेंट यांचा निबंध वाचकांच्या हाती पडला त्या वर्षी, आणि ज्या वर्षी त्यांचा ग्रंथ आला त्या वर्षी त्याची उलट बाजू, अशी ही साक्ष क्रमाने उभी राहिली.

याच सुमारास निधीचा प्रवाहही वळला. योजनेतून जवाहर विहिरी घेण्यात आल्या आणि १९९०-९१ पासून योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. डाळिंब, बोर व आंबा यांच्या बागांनी कोरडवाहू तालुक्यांतील अनेक लहान शेतकऱ्यांचे भले झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि विहीर किंवा बाग होण्यासाठी आधी जमीन असावी लागते. सार्वजनिक कामावर खर्च होणारा पैसा खाजगी क्षेत्रावर खर्च होऊ लागला, आणि भूमिहीन मजुराच्या दृष्टीने योजनेचा विस्तार हाच तिचा संकोच ठरला. येथे हेरिंग-एडवर्ड्स यांचे म्हणणे पुन्हा उसळी घेते. मिक मूर आणि विशाल जाधव यांनी २००६ साली योजनेच्या राजकारणाचा आणि प्रशासनाचा एकत्र विचार केला, तो तिच्या ऱ्हासाचा अनुभव जमेस धरून. अशा रीतीने एक पिढी संस्थेच्या बाजूने आणि एक हिताच्या बाजूने बोलली, आणि दोहोंस आपापल्या काळाने साथ दिली. वाद एवढ्यावरच थांबला असता तर तो केवळ कालखंड-निवडीचा वाद ठरला असता.

खरा प्रश्न त्याखाली दडलेला आहे. रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काम नाकारले गेल्याचे अनुमान का काढावे लागले? नकाराची संख्या सरळ का मोजता आली नाही? कारण ती मोजलेली नव्हती. सरकारी अहवालात योजनेची मागणी म्हणून जो आकडा येतो तो बहुतांशी कामावर हजर राहिलेल्यांचा, म्हणजे हजेरीपटावरील आकडा असतो. ज्याने अर्ज केला आणि काम मिळाले नाही, ज्याचा अर्ज घेतलाच नाही, किंवा अर्ज करून उपयोग नाही असे जाणून जो कचेरीत गेलाच नाही, त्यांपैकी कोणीही त्या आकड्यात नाही. कायद्याने नमुना ४ वर मागणी आणि तिची दिनांकित पोच यांना एवढे महत्त्व दिले ते याच कारणासाठी. पंधरा दिवसांची मुदत पोचेच्या तारखेपासून मोजावयाची असते. पोच नसेल तर मुदत सुरू होत नाही, बेकारभत्ता देय होत नाही, आणि हमीचा भंग झाला असे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

या ठिकाणी एक ऐतिहासिक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश राजवटीत ज्या दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांत कसोटीची कामे उघडण्याची पद्धत होती. कमी मजुरीवर कष्टाचे काम उघडावयाचे आणि किती लोक येतात यावरून संकटाचे प्रमाण ठरवावयाचे. आलेल्यांची मोजणी हेच गरजेचे माप होते. रोजगार हमीने ही पद्धत तत्त्वतः उलटी केली. आता सरकारने काम उघडून माणसांची वाट पाहावयाची नव्हती. माणसाने काम मागावयाचे आणि सरकारने ते उघडावयाचे होते. आलेल्यांऐवजी मागणाऱ्यांची गणना, हा कायद्याचा गाभा होता. परंतु हजेरीपटालाच मागणीचा पुरावा मानले की कायदा हक्काचा राहूनही मोजमाप दुष्काळसंहितेचेच राहते.

कर्जतच्या कोरडवाहू गावात याचा अर्थ काय होतो, हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पाऊस हुकलेल्या वर्षी एखादे मजूर कुटुंब पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेते आणि दिवाळीपूर्वी कारखान्याच्या वाटेला लागते. माघात त्या गावी हमीचे काम निघाले तर तेथे हे कुटुंब नसते. हजेरीपटावर संख्या अल्प दिसते, आणि 'मजुरांची मागणी नाही' असा शेरा पडतो. हा शेरा एका अर्थी खरा आहे. पण कुटुंब गेले ते काम नको होते म्हणून, की भाद्रपदात काम मिळेल याचा भरवसा नव्हता म्हणून, हे त्यातून कळत नाही. हितसंबंधवादी अभ्यासक या शेऱ्यात बागायतदाराचा हात पाहील. संस्थावादी अभ्यासक त्यात स्थानिक राजकीय स्पर्धेचा अभाव पाहील. दोघांचाही पुरावा तोच शेरा असेल. जोवर मागणी स्वतंत्रपणे नोंदविली जात नाही, तोवर दोन सिद्धांतांमध्ये निवड करण्यास साधनच उपलब्ध नाही, असे म्हणावे लागते.

एचेव्हेरी-जेंट यांच्या ग्रंथातील उणीव ही आहे. हमीमुळे प्रशासनावर दाब येतो, हे त्यांचे प्रतिपादन जेथे दाब आणणारे कोणी आहे तेथे खरे ठरते. अनुराधा जोशी यांनी २०१० साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' मधील निबंधात कायदा आणि कार्यकर्त्यांची संघटना यांचा संबंध तपासला, तो याच दुव्याकडे लक्ष वेधतो. संघटना असेल तेथे अर्जांचे गठ्ठे कचेरीत जातात, पोच घेतली जाते, भत्त्याची भाषा होते. संघटना नसेल तेथे कायदा पुस्तकात राहतो. तेव्हा संस्थेच्या रचनेबद्दलचे विधान हे प्रत्यक्षात संघटित प्रदेशांबद्दलचे विधान असते, आणि असंघटित तालुका त्यात शांत दिसतो. ही शांतता समाधानाची की निराशेची, हे ओळखण्याची रीत ग्रंथात नाही. कामावरील मजुरांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असल्याचे कुमुदिनी दांडेकर यांच्या १९८३ च्या अभ्यासापासून ज्ञात आहे. ज्या मजूर स्त्रीला पक्ष, आमदार व कचेरी यांच्यापर्यंतची वाट पुरुषाहून लांब आहे, तिच्या बाबतीत ही उणीव दुप्पट होते.

तरीही एवढ्यावरून या अभ्यासाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पुढील काळात एचेव्हेरी-जेंट यांचे लेखन मुख्यत्वे भारतातील भांडवलबाजाराच्या सुधारणांकडे वळले. हेरिंग जैवतंत्रज्ञान आणि बी.टी. कापूस यांच्या राजकारणाकडे गेले. विद्वानांनी विषय बदलावे यात दोष नाही, आणि संस्थेची रचना माणसांना कोणती प्रेरणा देते हे एचेव्हेरी-जेंट यांचे सूत्र बाजाराच्या अभ्यासातही कायम राहिले. पण महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. दूरच्या विद्यापीठातील अभ्यासकाला एका कालखंडाचे क्षेत्रकार्य आणि प्रकाशित आकडे यांवर भिस्त ठेवावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे अर्जांची आणि नकारांची नोंद घेणे त्याला शक्य नसते. ते येथील अभ्यासकालाच शक्य होते, आणि ते फारसे झाले नाही. २ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राच्या २००५ च्या कायद्याची अंमलबजावणी पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अहमदनगरचा समावेश होता. हमीची जन्मभूमी असलेले राज्य आरंभीच्या वर्षांत त्या कायद्याखालील रोजगारात मागे राहिले. त्या मागासलेपणाचे कारण गरज कमी होती हे, की मागणी नोंदली गेली नाही हे, असा वाद तेव्हा झाला. तो वाद निकालात काढण्यासाठी जी सामग्री लागते ती तीस वर्षे आधीपासून जमवावयास हवी होती.

म्हणून या ग्रंथाचा उपयोग पदव्युत्तर विद्यार्थ्याने कसा करावा, याविषयी एवढेच सुचविता येईल. त्यातील तुलनेची व्याप्ती आणि संस्थेच्या अंतरंगात शिरण्याची पद्धत स्वीकारावी. हमी असली की दाब असतोच, हे गृहीत मात्र स्वीकारू नये. मिरजगाव वा राशीनच्या परिसरातील दहा गावे घेऊन, एका कृषिवर्षात कोणी केव्हा काम मागितले, पोच मिळाली की नाही, किती दिवसांनी काम निघाले आणि तोवर मागणारा गावी होता की नव्हता, एवढ्या चार गोष्टींची नोंद केली, तरी हिताचा आणि संस्थेचा वाद आज आहे त्याहून पुष्कळ पुढे जाईल. कायद्याने मजुराला मागण्याचा हक्क दिला होता. त्याने काय मागितले हे लिहून ठेवण्याचे काम अभ्यासकाने सरकारी कचेरीवर सोपवून चालणार नाही.